वन्सं, दोन घास खाऊन घ्या!



पूर्वी प्रवासाला निघायचं म्हणजे एस.टी. नाहीतर आगगाडी. हातात फिरकीचा तांब्या, पिशवीत पुऱ्या-भाजीचा डबा. गाडी फलाटावरून हलली न हलली तोच डबे उघडायचे आणि समोरच्या बाकावरच्या बाईलाही आग्रहानं एक पुरी मिळायची. प्रवासात कुणी उपाशी राहिलंय असं कधी झालं नाही.

आता आपल्याच घरातल्या कितीतरी जणी लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला जातात, सुनेच्या मदतीला मेलबर्नला जातात. बॅगा भरण्याची तयारी महिनाभर चालते. मेतकूट, डिंकाचे लाडू, बाळाची टोपडी, जावयाच्या आवडीचं थालीपिठाचं भाजणीपीठ, सगळं आठवणीनं भरलं जातं. पण विमानात बसण्याआधी विमानतळावर जे चार-पाच तास काढायचे असतात, त्यात आपण स्वतः काय खाणार, काय पिणार? याचा विचार मात्र कुणीच करत नाही. मीही केला नव्हता. त्याचं काय झालं, ते आज सांगते.

आमच्या थोरल्या वन्सं. वय वर्षं ६८. मधुमेह आहे, पण गोळ्या-पथ्य अगदी घड्याळाच्या काट्यावर. त्यांच्या लेकीचं बाळंतपण होतं आणि सोबत म्हणून मी निघाले होते. विमान रात्री दोनचं. पुण्याहून दुपारी साडेचारला निघालो. वन्संनी साडेबाराला वरणभात खाल्ला होता, निघताना चहा आणि दोन बिस्किटं. गाडीत खाल्लं की त्यांना मळमळतं, म्हणून "आता आत गेल्यावरच जेवू" असं ठरलं. साडेआठ वाजले तशी त्यांनी रोजच्या वेळेला गोळी मात्र घेतली. जेवण पुढे गेलं तरी गोळी चुकली नाही!

मग ती रांग. सामान वजन करा, पासपोर्ट दाखवा, शिक्का मारून घ्या, बांगड्या-पट्ट्यासकट तपासणी. सगळं उरकून बाकावर टेकलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मी म्हटलं, "वन्सं, काढा डबा." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. दशम्यांचा डबा मोठ्या बॅगेत गेला होता! ती बॅग तर केव्हाच पट्ट्यावरून आत गेलेली.

मी म्हटलं, इथंच काहीतरी घेऊ. चहाची पाटी पाहून वन्संनी कपाळाला हात लावला. "वहिनी, एवढ्या पैशांत आपल्याकडे आठवड्याचं दूध येतं! मला नको. विमानात देतातच की जेवायला." पाणी? तेही नको. "पाणी प्यायलं की उठावं लागणार. आणि तिथला नळ हात न लावता कसा सुरू होतो, ते मला मेलं कळत नाही."

मी आग्रह केला, पण एकदाच. मग माझा चहा घेतला आणि त्यांच्या शेजारी बसून एकटीनं प्यायले. हे लिहिताना आजही मला लाज वाटते.

पावणेबारा झाले असतील. पाहते तर वन्संच्या कपाळावर घाम. एवढ्या गारठ्यात घाम? हात थरथरत होते. "बरं वाटत नाही का?" विचारलं तर म्हणाल्या, "आपली गाडी लागली का? अण्णा आले का न्यायला?" अण्णांना जाऊन वीस वर्षं झाली. माझ्या पोटात धस्स झालं.

देवाची कृपा अशी, की चहाबरोबर साखरेच्या पुड्या वेगळ्या मिळाल्या होत्या. मी साखर घेत नाही, पण आपली बायकांची सवय, तिन्ही पुड्या पर्समध्ये टाकल्या होत्या. शेजारच्या बाकावरच्या एका मुलीनं आपली पाण्याची बाटली पुढे केली. साखर पाण्यात कालवून घोट-घोट पाजली. त्या मुलीनंच धावत जाऊन विमानतळावरच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. पंधरा मिनिटांत वन्संचा चेहरा जागेवर आला. मग सँडविच खायला लावलं. डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासली, अर्ध्या तासानं पुन्हा तपासली आणि मगच जायला परवानगी दिली.

नीट शुद्धीवर आल्यावर वन्संचा पहिला प्रश्न काय असावा? "त्या साखरेचे वेगळे पैसे नाही ना घेतले?" आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता मलाच रडू फुटलं.

आता हिशेब करा. चारला दोन बिस्किटं. दोनचं विमान, म्हणजे आतलं जेवण हातात यायला तीन-साडेतीन. बारा तासांच्या आसपास उपास, आणि पोटात मधुमेहाची गोळी! घरात एखाद्या पाहुण्याला आपण असं बारा तास उपाशी ठेवलं असतं का? मग स्वतःला का ठेवतो? म्हणून आजच्या या चार गोष्टी नीट वाचा आणि प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकीला वाचायला द्या.

आधी घड्याळ, मग घास

विमानाची वेळ पाहून जेवण ठरवू नका, आपल्या रोजच्या जेवणाची वेळ पाहून ठरवा. परदेशी जाताना तीन तास आधी पोहोचायला सांगतात. त्यात घर ते विमानतळ हा वेळ मिळवा, आणि विमान सुटल्यावर जेवण यायला लागणारा एक-दीड तासही मिळवा. मधे रोजची जेवणाची वेळ येते का? येत असेल तर ते जेवण तुमच्या हातात हवं, विमानावर सोडायचं नाही.

खायचं ते सुरक्षा-तपासणी उरकून, आपलं दार शोधून, त्याच्याजवळच बसून खा. रांगा किती लांबतील याचा नेम नसतो. आणि विमान सुटण्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी दार बंद होतं, हे विसरू नका. लांबच्या उपाहारगृहात निवांत जेवत बसलेल्यांची नावं पुकारली जाताना मी ऐकली आहेत.

डबा हातातल्या बॅगेत

हे वाक्य कागदावर लिहून बॅगेला टाचा. कोरडा डबा सुरक्षा-तपासणीतून नेता येतो. पोळ्या, दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, लाडू, खाकरे, भाजलेले शेंगदाणे, सगळं चालतं. जे पातळ, तेलकट किंवा लिबलिबीत, ते नको. परदेशी जाताना हातातल्या बॅगेत कोणताही पातळ पदार्थ १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत नेता येत नाही. २००६ सालच्या ऑगस्टमध्ये लंडनहून निघणाऱ्या विमानांत पातळ स्फोटकं नेण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासून हा नियम जगभर आला. बऱ्याच विमानतळांवर तूप, लोणचं, दही, चटणी, श्रीखंड, सगळं यातच मोजतात. लोणच्याची बरणी घट्ट बांधून मोठ्या बॅगेत टाका.

तिखटाची आणि मसाल्याची पुडीही हातातल्या बॅगेत नको. चटणीशिवाय दशमी जात नसेल तर निघतानाच दशमीला आतून शेंगदाण्याची चटणी लावून गुंडाळी करा. लसणाची मात्र नको. बंद विमानात तिचा वास शेजाऱ्याला पुरेपूर पोचतो. सुकं खोबरं तर कुठल्याच बॅगेत नेऊ नका. त्यात तेल असतं आणि ते पेट घेणाऱ्या मालात मोजतात, म्हणून विमान कंपन्या नाकारतात.

दशम्यांची कृती जुन्या जाणत्या बायकांना सांगायला नको, पण नव्या मुलींसाठी लिहिते. दोन वाट्या कणकेत दोन चमचे तेल, चवीपुरतं मीठ आणि अर्धा चमचा जिरं घाला. पाणी अजिबात न घालता, लागेल तसं दूध घालून घट्टसर मळा. साधारण पाऊण वाटी दूध लागतं. अर्धा तास झाकून ठेवा. पोळीपेक्षा जाडसर लाटून मंद आचेवर दोन्हीकडून तेल सोडून भाजा. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, नाहीतर वाफ धरून ओलसर होतात. सकाळी केलेल्या दशम्या रात्रीपर्यंत मऊ राहतात.

तान्ह्या बाळाचं दूध, पेज, उकळलेलं पाणी मात्र प्रवासाला पुरेल एवढं नेता येतं, १०० मिलिलिटरची अट त्याला नाही. तपासणीच्या वेळी आपणहून बाहेर काढून दाखवा. आणि विमान वर चढताना व उतरताना बाळाला पाजा. गिळण्यानं कान मोकळे होतात, बाळ रडत नाही. मोठ्या मुलांना चघळायला गोळी द्या.

पाणी प्या, लाजू नका

घरून बाटली रिकामी न्या. तपासणी झाली की आत पिण्याच्या पाण्याचे नळ असतात, तिथे फुकट भरून घ्या. नळ दिसला नाही तर विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

विमानातली हवा फार कोरडी असते, ओलावा जेमतेम १० ते २० टक्के. घसा सुकतो, डोकं दुखतं, तासन् तास एका जागी बसून पाय सुजतात. म्हणून विमानात चढण्याआधी दोन ग्लास पाणी पोटात हवं. बाथरूमची भीती असेल तर सोबतच्या मुलीला एकदा आत घेऊन जा आणि शिकून घ्या. नळाखाली नुसता हात धरला की पाणी येतं. वन्संना मी परतीच्या वेळी दाखवीन म्हटलं होतं, पण न्यू जर्सीला आठ वर्षांच्या नातवानं आधीच शिकवलं!

ज्या आज्या चाकाच्या खुर्चीतून जातात, त्यांना मुद्दाम सांगते. खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला बसल्याबरोबर सांगून ठेवायचं, "बाळा, मला बाथरूमला आणि पाणी भरायला न्यायचंय." तो त्यांच्या कामाचा भाग आहे, उपकार नाहीत. खुर्ची दारापाशी नेऊन ठेवली की मग हाक मारायला माणूस मिळेलच असं नाही.

विकत घ्यायचं झालं तर

महाग असतं, खरं आहे. पण काही गोष्टी ठाऊक असू द्या. बंद पाकीट दुकानातून घेतलं, तर छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. उपाहारगृहात मात्र जास्त घेऊ शकतात, कारण तिथे पदार्थाबरोबर सेवाही असते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली दिला. म्हणून बिस्किटाचा पुडा, शेंगदाण्याची चिक्की दुकानातून घ्या.

स्वस्त चहाची सोयही आता कुठे कुठे झाली आहे. २०२४ च्या डिसेंबरात कोलकात्याच्या विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' सुरू झालं, तेव्हा तिथे चहा आणि पाण्याची बाटली दहा-दहा रुपयांना आणि सामोसा वीस रुपयांना ठेवला होता. २०२५ च्या फेब्रुवारीत चेन्नईलाही असंच सुरू झालं आणि मग आणखी काही विमानतळांवर. आपल्या विमानतळावर असं काही आहे का, हे आधी विचारून ठेवा. मुलांच्या बँकेच्या कार्डावर विश्रांतिकक्षात जेवणाची सोय असते का, तेही विचारा. पुष्कळदा ती सोय असते आणि आईला कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि ही गोष्ट तर अगदी थोड्या जणींना ठाऊक असते. वेळेवर हजर असूनही विमानाला फार उशीर झाला, तर आपल्या देशातल्या नियमांप्रमाणे विमान कंपनीनं खायला-प्यायला द्यायचं असतं. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर, अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला तीन तास, आणि त्याहून लांबच्या प्रवासाला चार तास उशीर, असं ते गणित आहे. न बोलता बसून राहू नका. काउंटरवर जाऊन विचारा.

काय घ्यावं? इडली, उपमा, साधं सँडविच, केळं, ताक. काय नको? छोले, राजमा, कोबी, भजी आणि सोड्याची पेयं. त्याचं कारण आहे. विमान कितीही उंच उडालं तरी आत हवा दाबून भरलेली असते; पण तीही सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असते तेवढीच विरळ. आपलं कळसूबाईचं शिखर ५,४०० फुटांचं, म्हणजे त्याच्याही वर जाऊन बसल्यासारखं! अशा हवेत पोटातला वायू पाव ते एक तृतीयांश पट जास्त फुगतो. छोले-भटुरे खाऊन बसाल तर रात्रभर पोट धरून बसावं लागेल. रात्रीचं विमान असेल तर चहा-कॉफीही एखादाच कप. झोपेची गोळी घेणाऱ्यांनी मद्याला तर अजिबातच हात लावू नये.

गोळ्या आणि इन्सुलिन

इन्सुलिन, गोळ्या, साखर तपासायचं यंत्र, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं हातातल्या बॅगेत. मोठी बॅग जिथे जाते तिथे इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकतं. लागणारं औषध पातळ असलं तरी चिठ्ठी दाखवून नेता येतं. प्रवासात घड्याळ पुढे-मागे होतं, तेव्हा कुठली गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांकडून निघण्याआधी कागदावर लिहून घ्या. आणि जेवण समोर आल्याशिवाय जेवणाबरोबरची गोळी तोंडात टाकायची नाही. आमचं चुकलं ते इथेच.

घाम, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ, ही रक्तातली साखर ७० च्या खाली गेल्याची लक्षणं असू शकतात. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. साखर वर आली नसेल तर आणखी तीन चमचे द्या, आली की काहीतरी खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, डॉक्टरांना बोलवा. ग्लुकोजची कोरडी पुडी पर्समध्ये कायम असू द्या. तिला १०० मिलिलिटरचा नियम लागत नाही.

तिकीट काढतानाच मुलाला सांगून आपल्याला हवं ते जेवण नोंदवून घ्या. भारतीय शाकाहारी, जैन, मधुमेहाचं, असे प्रकार बहुतेक कंपन्यांकडे असतात, पण निदान चोवीस तास आधी कळवावं लागतं. आयत्या वेळी मागून मिळत नाही.

उतरण्याआधी डबा रिकामा

उरलेली फळं, भाजी घेऊन परदेशात उतरू नका. केळं-सफरचंद विमानातच खाऊन टाका. बॅगेत जे काही खाण्याचं आहे ते तिथल्या अर्जावर खरं-खरं लिहा. न्यूझीलंडमध्ये विसरून पर्समध्ये राहिलेल्या एका सफरचंदालाही ४०० डॉलर दंड होऊ शकतो. लिहून दाखवलं तर फार तर वस्तू काढून घेतील.

हे सगळं लक्षात ठेवायला कठीण नाही. आपण चार माणसांच्या सहलीचा डबा बिनचूक भरतो, कुणाला कांदा चालत नाही, कुणाला तिखट लागतं, सगळं ध्यानात असतं. त्या यादीत स्वतःचं नाव तेवढं लिहायचं राहतं. मुलानं हजारो रुपयांचं तिकीट काढलेलं असतं आणि आपण एका चहासाठी मन मारून बसतो. त्या मुलाला विचारलं तर तो म्हणेल, "आई, दोन चहा घे!" आणि सोबत असणाऱ्यांनो, "नको" म्हटलं की गप्प बसू नका. आपल्या बायकांचं पहिलं "नको" कधीच खरं नसतं. माझ्या वन्संचंही नव्हतं.

सहा महिन्यांनी वन्सं एकट्याच परत आल्या. मी आधी आले होते. निघण्यापूर्वी तिथल्या विमानतळावरून त्यांचा फोन. मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "वहिनी, डबा मांडीवर आहे. पाणी भरलंय. आणि हो, एक कॉफी घेतली. केवढ्याची ते मात्र विचारू नका!"

तुमच्या प्रवासाच्या डब्यात काय असतं? दोन दिवस टिकणारा, न सांडणारा, वास न येणारा पदार्थ असेल तर कृती जरूर लिहून पाठवा. निवडक कृती पुढच्या अंकांत देईन.